नडगी, बेंकेई आणि मालकाला घातलेल्या काठ्या

भटकी_वही

परवा ऑफिसात कुणीतरी खालचा ड्रॉवर उघडा ठेवला होता, त्यावर माझी नडगी आपटली. आपटली म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि कानाझावाच्या त्या चिडीचूप ऑफिसात "आई गं!" घुमलं. शेजारी बसणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या सहकाऱ्याने मानसुद्धा वर केली नाही. एवढंच म्हणाला, "बेंकेई नो नाकिदोकोरो." बेंकेईची रडायची जागा. जपानीत नडगीला हे नाव आहे. इथे लागलं तर बेंकेईसुद्धा रडेल, मग तुझी काय कथा, असा त्यातला भाव.

पुण्यात जपानी शिकताना हा शब्द मी पाठ केला होता, पण बेंकेई कोण हे विचारायचं राहून गेलं होतं. इथे आल्यावर तो भेटतच राहिला. देवळात, पुलावर, खाण्याच्या दुकानाच्या पाटीवर, आणि आता माझ्या पायावर. म्हणून हा धागा.

आधी इतिहास सांगते, कारण तो लवकर संपतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस जपानात ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत जुंपली होती. मिनामोतोंकडून ती लढाई जिंकून देणारा सेनापती योशित्सुने. ११८४ मध्ये इचिनोतानी, ११८५ मध्ये याशिमा आणि मग दान्नोउराच्या सामुद्रधुनीतली शेवटची नाविक लढाई, एका वर्षात खेळ खलास. त्याचा थोरला सावत्र भाऊ योरितोमो कामाकुरात बसून सगळी सूत्रं हलवत होता. धाकट्याने त्याला न विचारता क्योटोच्या निवृत्त सम्राटाकडून पद स्वीकारलं, तिथे बिनसलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ज्याने युद्ध जिंकलं तोच फरारी झाला. दाइमोत्सु बंदरातून गलबतं हाकारली, वादळाने सगळी पांगवली, आणि योशित्सुनेबरोबर उरले फक्त चार जण. कामाकुराच्या 'आझुमा कागामी' या रोजनाम्यात त्या चौघांची नावं आहेत. दोन योद्धे, योशित्सुनेची प्रेयसी शिझुका ही नर्तकी आणि मुसाशीबो बेंकेई. तीन दिवस आधीच्या नोंदीत, क्योटो सोडणाऱ्यांच्या यादीत, आणखी एकदा त्याचं नाव येतं. झालं. त्या रोजनाम्यातला बेंकेई इथे संपला. कुठला, कुणाचा, दिसायला कसा, मेला कसा, काही नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसावा तेवढाच हा माणूस इतिहासात दिसतो.

आता लोकांनी काय केलं ते बघा. दोन-अडीचशे वर्षांनी 'गिकेइकी' ही योशित्सुनेची कथा लिहिली गेली, तोवर बेंकेई आईच्या पोटात अठरा महिने राहिलेला होता. जन्मला तोच खांद्यापर्यंत केस आणि तोंडभर दात घेऊन. नाव ठेवलं ओनिवाका, म्हणजे राक्षसबाळच. बाप मारायला निघाला, आत्याने वाचवलं. पुढे हिएइ डोंगरावरच्या मठात घातला, तिथे इतकी भांडणं केली की कोणी ठेवून घेईना. मग स्वतःच स्वतःचं मुंडण केलं, स्वतःच स्वतःला नाव दिलं आणि चालता झाला.

बिवा तलावाकाठच्या मिइदेरा देवळातली घंटा मी पाहून आले. बेंकेईने ही अवाढव्य घंटा पळवून हिएइ डोंगरावर ओढत नेली, अशी गोष्ट आहे. वर नेऊन वाजवली तर ती "इनो... इनो..." असा आवाज काढू लागली. कान्साईकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'घरी जायचंय'. बेंकेई भडकला. "एवढं जायचंय तर जा!" म्हणत त्याने ती दरीत ढकलून दिली. घंटा आज देवळात एका बाजूला ठेवलेली आहे, अंगभर ओरखडे आणि काही टवके उडालेले. ओरखडे खरे आहेत हे मी शपथेवर सांगते. कोणी पाडले ते तुम्ही ठरवा.

क्योटोचा पूलही याच काळातला. हजार तलवारी जमवायचा पण केलेला बेंकेई रात्री वाटसरूंना अडवून तलवारी हिसकावतो, ९९९ होतात, आणि हजारावी घ्यायला जातो तर समोर बासरी वाजवत येणारं एक कोवळं पोर. ते पोर कठड्यावर उडी मारतं, पंख्याने टपली मारतं, आणि बेंकेई हरतो. पोर म्हणजे लहान वयातला योशित्सुने. त्या रात्रीपासून बेंकेई त्याचा झाला. इथल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पाठ असते.

पण मला लिहायचंय ते आताकाबद्दल.

कानाझावापासून कोमात्सु रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. तिथे समुद्राला लागून पाइनची झाडी आहे, वाळू आहे, वारा असा की छत्री उलटी होते. तिथे आताकाची चौकी होती म्हणतात. काळ ११८७ चा. योशित्सुने उत्तरेला हिराइझुमीकडे, आपल्या जुन्या आश्रयदात्याकडे निघालाय. सगळ्यांनी यामाबुशींचा, म्हणजे डोंगरात तप करणाऱ्या साधूंचा वेश घेतलाय. कपाळावर बांधलेली छोटी काळी टोपी, गळ्यात झगा, कमरेला शंख. आणि सेनापती स्वतः सर्वांत मागे, हमालाच्या वेशात, पाठीवर पेटारा, डोक्यावर मोठं इरलं.

चौकीवरचा अधिकारी तोगाशी याला कामाकुराहून हुकूम आलेला आहे की साधूंचा घोळका दिसला की अडवायचा. बेंकेई सांगतो, नाराचं तोदाइजी जळालं, त्याच्या जीर्णोद्धारासाठी आम्ही वर्गणी गोळा करतोय. (थाप कच्ची नव्हती. तोदाइजी खरंच ताइरांच्या सैन्याने जाळलं होतं आणि वर्गणीची मोहीम खरंच चालू होती.) तोगाशी म्हणतो, मग तुमच्याकडे वर्गणीचं आवाहनपत्र असेलच, वाचा. आवाहनपत्र कुठलं असायला? बेंकेई पेटाऱ्यातून एक गुंडाळी काढतो, उलगडतो, आणि आवाज चढवून वाचायला लागतो. बुद्धाचं निर्वाण, सम्राटाचं दुःख, पुण्याचा हिशेब, सगळं जागच्या जागी रचत. तोगाशी पुढे वाकून कागदात डोकावू पाहतो, बेंकेई झटकन गुंडाळी फिरवतो. दोघांची नजरानजर. या प्रसंगावरच्या नाटकात या क्षणी सभागृहात श्वास ऐकू येत नाही.

चौकी पार होते. एक एक जण पुढे जातो. आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, तो मागचा हमाल योशित्सुनेसारखा दिसतोय.

साथीदारांचे हात तलवारींवर जातात. बेंकेई काय करतो? हमालाच्या हातातलीच काठी हिसकावतो आणि त्याला बडवायला लागतो. "दळभद्र्या! तुझ्या मंद चालीपायी आम्हाला उशीर! त्यात आता तुझ्यामुळे चोराचा आळ!" मारतो, खरंखुरं मारतो. त्या काळात स्वामीवर हात उचलणं म्हणजे काय हे तोगाशीला माहीत आहे. कोणताही चाकर आपल्या धन्याला असं मारणार नाही, म्हणजे हा धनी नाही. की आहे, आणि म्हणूनच मारतोय? तोगाशी म्हणतो, जा.

पुढे झाडीत पोचल्यावर बेंकेई जमिनीवर डोकं टेकून रडतो. आयुष्यात एकदाही न रडलेला माणूस. योशित्सुने त्याचा हात धरतो.

बेंकेई म्हटलं की सगळ्यांना त्याचं मरण आठवतं. अंगात बाण रुतलेले, हातात नागिनाता (लांब दांड्याचं वाकडं पातं), उभ्या उभ्या प्राण गेला तरी पडला नाही. असेल. मला त्याचं मरण आठवत नाही, मारणं आठवतं. आणि परवा नडगी चोळताना वाटलं, त्याची रडायची जागा नडगी नव्हतीच, आताका होती.

तर इथल्या मंडळींना काय वाटतं? आणि जपानात कुणी बेंकेईला इतरत्र गाठलंय का?

खारेदाणे

वाचनखूण साठवली. घंटेला घरी जायचं होतं हे वाचून हसलो आणि मग उगाच वाईट वाटलं. दुसरा भाग टाका. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गडवेडा_सातारा

ताई, उत्तम लिहिलंय, पण मराठी माणसाला हे वाचून पहिलं काय आठवणार? घोडखिंड! १६६०, आषाढातली रात्र, बाजीप्रभू. अरुंद जागा, मूठभर मावळे, मागे राजा. जपान्यांनी पुतळे उभारले, नाटकं केली. आपण काय केलं?

भटकी_वही

@गडवेडा, मलाही तेच आठवलं होतं, आताकाला नव्हे, हिराइझुमीला. पण जवळ जाऊन बघाल तर दोन्ही उलटी आहेत. बाजीप्रभू वेळ काढत होते तो राजा विशाळगडावर पोचावा म्हणून. तोफांचे आवाज होईपर्यंत. बेंकेई हिराइझुमीच्या कोरोमोगावा वाड्याच्या दारात उभा राहिला तो योशित्सुने वाचावा म्हणून नाही. तिथून सुटका नव्हतीच. आत योशित्सुने सद्धर्मपुंडरीक सूत्राचं पठण करत होता, ते पुरं व्हावं आणि त्याला शत्रूचा हात लागण्याआधी स्वतःच्या हाताने मरता यावं, एवढ्याचसाठी. 'गिकेइकी'त मध्येच बेंकेई आत येऊन निरोप घेतो, दोघं एकमेकांना शेवटच्या कविता म्हणून दाखवतात, आणि तो पुन्हा दारात जातो. राजा सुखरूप पोचल्याची तोफ तिथे वाजणार नव्हती.

(पुतळ्यांबद्दल तुमचं म्हणणं वेगळ्या धाग्याचं आहे, तिथे मी तुमच्या बाजूने.)

गडवेडा_सातारा

हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आवाज खाली करतो.

मेतकूट

ते उभं मरण नेमकं कसं सांगतात? आमच्याकडे लेकीला रात्री गोष्ट लागते, वय वर्षे नऊ.

भटकी_वही

शत्रू लांबून बघतायत. हा दारात नागिनाता टेकवून उभा, हलत नाही. जवळ जायची कोणाची छाती नाही. शेवटी एक घोडेस्वार त्याच्या अगदी जवळून घोडा दामटतो, आणि त्या धक्क्याने बेंकेई कोसळतो. कोसळताना हातातली नागिनाता पुढे झुकते, तर लोक "परत चवताळला!" म्हणून मागे पळतात. मग कळतं की हा केव्हाच मेलाय. मला यातला हा शेवटचा घाबरटपणा फार आवडतो. मुलीलाही आवडेल.

चष्मिष्ट

रसभंग करतो, माफी असावी. 'आझुमा कागामी'त ११८९ च्या त्या दिवसाच्या नोंदीत बेंकेई नाही. जे आहे ते असं: हिराइझुमीच्या यासुहिराने (जुन्या आश्रयदात्याच्या मुलाने) कित्येक शे स्वार घेऊन कोरोमोगावाच्या वाड्यावर हल्ला केला, योशित्सुने वाड्यातल्या देवघरात गेला, आधी बावीस वर्षांच्या बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला मारलं, मग स्वतः मेला. वय एकतीस, त्यांच्या मोजणीने. दाराशी उभा महाकाय साधू नाही, कविता नाहीत. मग मुंडकं दारूत बुडवून काळ्या लाखेच्या पेटीतून कामाकुराकडे. पोचायला त्रेचाळीस दिवस. कामाकुराच्या वेशीवर, कोशिगोए इथे ते तपासलं गेलं. कोशिगोए म्हणजे तीच जागा जिथे चार वर्षांपूर्वी त्याला थांबवून ठेवलं होतं, भावाला भेटू दिलं नव्हतं, आणि जिथून त्याने गयावया करणारं पत्र लिहिलं होतं.

बेंकेईच्या पाठीमागे ही चार वर्षांची पोर झाकली जाते, एवढंच म्हणायचं होतं.

भटकी_वही

@चष्मिष्ट, रसभंग नाही. हे लिहायला हवं होतं, मी टाळलं. वरच्या प्रतिसादात 'स्वतःच्या हाताने मरता यावं' हे लिहिताना त्या दोघी डोक्यात होत्या आणि मी वाक्य पुढे ढकललं.

पेठेतला_पिंगळा

आणि ज्याने मारलं त्या यासुहिराचं काय झालं तेही सांगा. बापाने, हिदेहिराने, मरताना बजावलं होतं की योशित्सुनेला सांभाळा. पोराने दोन वर्षांत कामाकुराच्या दडपणाखाली त्यालाच मारलं, म्हणजे योरितोमो खूश होईल. योरितोमोने त्याच वर्षी हिराइझुमीवर स्वारी करून घराणंच संपवलं. यासुहिराला त्याच्याच चाकराने मारलं. आपल्याकडे म्हणतात ना, तेलही गेलं, तूपही गेलं.

चष्मिष्ट

हाती धुपाटणंही आलं नाही. पण त्याचं मुंडकं मात्र टिकलं. हिराइझुमीच्या चुसोन्जी देवळातल्या सोनेरी दालनात, पूर्वजांच्या शवांच्या शेजारी. १९५० मध्ये तपासणी झाली तेव्हा त्या पेटीत कमळाच्या बिया सापडल्या. पुढे त्या रुजवल्या आणि १९९८ मध्ये फुलल्या. आठशे वर्षांनी. इतक्या गद्दार माणसाच्या पेटीत फुलं कोणी ठेवली असतील, हा विचार कधीकधी येतो.

खारेदाणे

चष्मिष्टभाऊ, रसभंग करतो म्हणालात आणि धाग्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तुम्हीच लिहिलीत.

रिकामटेकडा_७

जपानचं कौतुक पुरे झालं राव. हरलेल्याची आरती.

पेठेतला_पिंगळा

@रिकामटेकडा, हरलेल्याची आरती हाच तर मुद्दा आहे. त्यांच्याकडे त्याला शब्दच आहे: होगान-बिइकी. योशित्सुनेला निवृत्त सम्राटाने जे पद दिलं, ज्यावरून भाऊ बिथरला, ते होगान. बिइकी म्हणजे पक्षपात, जिव्हाळा. होगानच्या बाजूने असणं, म्हणजे हरणाऱ्याच्या बाजूने असणं. योरितोमोने पुढे शेकडो वर्षं टिकलेली लष्करी राजवट उभी केली, इतिहास त्याचा. गाणी सगळी धाकट्याची.

आणि लोकांनी त्याला मरूही दिलं नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तसं काहीतरी. योशित्सुने वाचला, उत्तरेला होक्काइदोला गेला, तिथल्या मूळ रहिवाशांचा, आइनूंचा देव झाला. बिरातोरीला त्याचं देऊळ आहे.

चष्मिष्ट

होक्काइदोवरही थांबले नाहीत. तिथून समुद्र ओलांडून मंगोलियात गेला आणि चंगेज खान झाला! १९२४ मध्ये ओयाबे झेन्इचिरो नावाच्या गृहस्थांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते जोरात खपलं. इतिहासकारांनी कपाळाला हात लावला, लोकांनी विकत घेतलं. साम्राज्य आशियात पसरत होतं, तेव्हा ही गोष्ट फारच सोयीची होती. हरलेल्याची आरती दरवेळी निरागस असते असं नाही, @पिंगळा.

पेठेतला_पिंगळा

मान्य. तोतयाच्या मागेही कोणाकोणाची सोय होतीच.

रुळावरचा_माणूस

होक्काइदो निघालंच आहे तर माझा दोन आण्याचा वाटा. १८८० मध्ये तिथे पहिली रेल्वे सुरू झाली, तेमिया ते साप्पोरो. इंजिनं अमेरिकेतून, पिट्सबर्गच्या पोर्टर कारखान्यातून आणली. पुढे मोठी उलट्या शंकूसारखी धुराडी, समोर गुरं बाजूला सारायचा जाळीदार फाळ, अगदी जुन्या काउबॉय चित्रपटातली वाटावीत अशी. आणि त्यांची नावं? 'योशित्सुने' आणि 'बेंकेई'. नंतर आणखी एक आलं त्याचं नाव 'शिझुका'.

'बेंकेई' साइतामाच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, मी त्याच्याजवळ अर्धा तास काढला. 'योशित्सुने' क्योटोत. 'शिझुका' ओतारूत. धनी एकीकडे, चाकर एकीकडे, प्रेयसी तिसरीकडे. संग्रहालयवाल्यांनी मुद्दाम केलं नसेल, पण कथेला धरून झालंय.

भटकी_वही

@रुळावरचा, हे अफाट आहे. मी ओतारूला जाऊन आले आणि 'शिझुका'ला बघितलंच नाही, काचेची भांडी बघत बसले.

गिरगावची_नाटकवेडी

आता माझा विषय. आताकाच्या प्रसंगावरचं 'कांजिंचो' (म्हणजे ते आवाहनपत्रच) हे काबुकी नाटक १८४० मध्ये एदोत, आजच्या टोकियोत, पहिल्यांदा झालं, सातव्या इचिकावा दानजुरोने केलं, आणि ते 'आताका' या नो नाटकावरून घेतलं. (नो हा काबुकीहून जुना, संथ, मुखवट्यांचा नाट्यप्रकार.) पण एक गोष्ट बदलली, ती धाग्यात यायला हवी. नो नाटकात तोगाशी दबतो. बेंकेईची मंडळी अशी अंगावर येतात की तो घाबरून वाट देतो. काबुकीत तोगाशी ओळखतो. त्याला पक्कं कळतं की हाच योशित्सुने. तरी सोडतो, कारण समोरचा माणूस मारताना आतून कसा तुटतोय ते त्याला दिसतं. आणि सोडल्याची शिक्षा त्याला स्वतःला भोगावी लागणार, हेही माहीत असतं. जाताना तो चेहरा वर करतो, डोळ्यातलं पाणी खाली पडू नये म्हणून. एकाच प्रसंगात दोन माणसं रडतात, एक झाडीत मोकळेपणाने, एक चौकीवर मान वर करून.

मी टोकियोत एका अंकाचं स्वस्त तिकीट काढून अगदी वरच्या मजल्यावरून पाहिलं. शेवटी पडदा ओढला जातो, आणि बेंकेई एकटा प्रेक्षकांमधून जाणाऱ्या हानामिचीवर उरतो. थांबतो, तोगाशीच्या दिशेने मनोमन वाकतो, आणि मग एका पायावर झेपा घेत, हात फेकत, पुढे गेलेल्या धन्याला गाठायला निघतो. हा प्रवेश बघायलाच लोक येतात. आणि वरच्या मजल्यावरून हानामिचीचा तो भाग दिसतच नाही! मला फक्त खालच्या लोकांची डोकी एका बाजूला वळताना दिसली आणि फळीवर पायांचे धाड धाड आवाज ऐकू आले. मागे बसलेल्या आजोबांनी मला खूण केली की डोळे मिट. मिटले. खरं सांगते, दिसलं.

मेतकूट

अंगावर काटा.

तंतोतंत

दुरुस्ती. ती गुंडाळी कोरी होती असं सगळीकडे लिहिलेलं असतं (लेखिकेने तसं लिहिलं नाही, श्रेय देतो). नो नाटकातल्या ओळींप्रमाणे पेटाऱ्यातून काढली ती 'ओराई'ची गुंडाळी, म्हणजे पत्रं कशी लिहायची ते शिकवणारा कित्ता. त्याला आवाहनपत्र म्हणून तो वाचतो. रंगमंचावर कोरा कागद असतो ती गोष्ट निराळी. समोर "आपली तब्येत कशी आहे, इकडे सर्व क्षेम" असलं काहीतरी असताना तोंडाने निर्वाणाबद्दल बोलायचं, हे कोऱ्या कागदापेक्षा अवघड आहे.

दुसरं. मार आताकाला पडला हे नाटकाचं. 'गिकेइकी'त तोगाशीच्या वाड्यात बेंकेई एकटाच जातो, आणि मारण्याचा प्रसंग पुढे एत्चू प्रांतात 'न्योइ'च्या तरीवर घडतो. तिथे नावाड्याला संशय येतो, आणि बेंकेई योशित्सुनेला बडवतो ते पंख्याने. नाटककाराने दोन जागा एक केल्या आणि पंख्याची काठी केली.

भटकी_वही

@तंतोतंत, तुमची वाटच बघत होते. :) न्योइची तर आताच्या ताकाओकात, फुशिकीजवळ. तिथेही मारतानाचा पुतळा आहे. म्हणजे एकाच माराचे दोन पुतळे, दोन गावांत. आताकाच्या देवळात तर 'अवघड नाकं पार करणारा' ताईत मिळतो. परीक्षेच्या आधी पोरं घेऊन जातात. तोतऱ्यासारखं न अडखळता थाप मारण्याचा आशीर्वाद असावा.

मेतकूट

मी स्वयंपाकघरातून लिहिते, म्हणून माझं निरीक्षणही तिथलंच. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं तोहोकूत होतो. तिथे एका जुन्या घरात चुलीवर पेंढ्याची जाड मोळी टांगलेली पाहिली, आणि तिच्यात चहूबाजूंनी बांबूच्या काड्यांना टोचलेले भाजके मासे खोचलेले, धुरावर वाळायला. घरच्या आजींना विचारलं, याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, बेंकेई. अंगभर बाण टोचलेला म्हणून! माणूस आठशे वर्षांपूर्वी उभ्याने मेला आणि आजी त्याच्यात मासे खोचतात.

आणखी एक. आमच्या शेजारच्या मुलाला त्याची आई 'उचि-बेंकेई' म्हणायची. घरातला बेंकेई, म्हणजे घरात वाघ, बाहेर शेळी. लेकीला ही गोष्ट सांगितल्यावर ती बाबांकडे बघून इतकी हसली की विषय बदलावा लागला.

तंतोतंत

अवांतर: शब्द चुकीच्या जागी तोडून वाचण्यालाही त्यांच्याकडे बेंकेईच वेठीला धरलाय. 'बेंकेई-गा नागिनाता-ओ' हे कोणीतरी 'बेंकेई-गाना, गिनाता-ओ' असं वाचलं म्हणून त्या प्रकाराचं नावच 'गिनाता-वाचन'. चौकडीच्या कापडालाही त्याचं नाव आहे. नडगी झाली, मासे झाले, व्याकरण झालं, कापड झालं.

सहलीचा_डबा

पुढच्या महिन्यात क्योटोला चाललोय. तो पूल नेमका कुठला? नकाशावर गोजो पूल दिसतोय, भलामोठा, गाड्या वाहतायत. तिथेच का?

भटकी_वही

@सहलीचा_डबा, गोजोच्या पुलाशी रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात दोघांचा छोटा पुतळा आहे, बाहुल्यांसारखा गुटगुटीत. फोटो काढा, पण सिग्नल बघून. खरं तर त्या काळचा गोजो रस्ता म्हणजे आजचा मात्सुबारा रस्ता, थोडा उत्तरेला. हिदेयोशीच्या काळात पूल दक्षिणेला हलवला गेला. म्हणून छोट्या मात्सुबारा पुलावर संध्याकाळी जा. आणि तंतोतंत यांनी म्हणण्याआधी मीच म्हणते: 'गिकेइकी'त भेट पुलावर होतच नाही. आधी गोजो तेन्जिन देवळाशी, मग कियोमिझु देवळात. ते छोटं देऊळही मात्सुबारा रस्त्यावरच आहे, चालत जाता येतं.

तंतोतंत

तोंडचा घास काढून घेतलात.

मेतकूट

काल रात्री सांगितली. पूल आवडला, घंटा फारच आवडली, दोनदा "इनो" करायला लावलं. आताकापाशी गप्प झाली. मग विचारलं, "आई, त्याला नंतर त्या दुसऱ्याने परत मारलं का? फिटंफाट?"

भटकी_वही

नाही. त्याने हात धरला, आणि म्हणाला की मारणारा हात तुझा नव्हता, हाचिमान देवाचा होता. हाचिमान हा मिनामोतोंचा कुलदेव. तिला एवढंच सांगा.

मेतकूट

सांगितलं. म्हणाली, "म्हणजे देवाने मारलं की त्याने?" आणि झोपली.

रुळावरचा_माणूस

अवांतर: @भटकी_वही, नडगी कशी आहे?

भटकी_वही

आज हिरवी-पिवळी. ड्रॉवर कोणी उघडा ठेवला ते कळलं. मीच.